दोन पावलांचा उशीर

घोडा गमावलेला एक सरदार रस्त्याने पायी चालला आहे. डोक्यावर शिरस्त्राण, गळ्यात ढाल, कमरेला तलवार. राणीला कोणीतरी घेऊन गेलंय आणि हा तिच्या मागावर आहे. वाटेत त्याला एक गाडा भेटतो. गाडा हाकणारा एक बुटका, हातात लांब काठी. सरदार त्याला विचारतो, ‘माझ्या राणीला इथून जाताना पाहिलंस का?’ बुटका म्हणतो, ‘गाड्यात चढ. तिचं काय झालं ते उद्यापर्यंत कळेल तुला.’ एवढं बोलून तो गाडा पुढे हाकतो.

सरदार थांबतो. दोन पावलं पडायला लागतील तेवढाच वेळ. मग उडी मारून चढतो.

हा प्रसंग बाराव्या शतकातल्या एका फ्रेंच पद्यकादंबरीतला आहे. क्रेतिएँ द त्र्वा नावाच्या कवीने ती साधारण ११७७ ते ११८१ या काळात लिहिली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ओळी सुमारे ७,१००. नाव ‘लान्सलॉट’, आणि दुसरं नाव ‘गाड्यातला सरदार’. ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाचा सर्वांत शूर सरदार लान्सलॉट आणि राजाची राणी ग्विनेव्हिअर यांचं प्रेम आज जगभर ठाऊक आहे. लिहिलेल्या साहित्यात ते पहिल्यांदा सापडतं ते याच काव्यात. आर्थरच्या दरबाराशी जोडलेलं ‘कॅमलॉट’ हे नावही आपल्याला माहीत असलेल्या साहित्यात प्रथम इथेच येतं.

लान्सलॉट म्हटलं की ‘एकीकडे प्रेम, दुसरीकडे कर्तव्य’ हे वाक्य ठरल्यासारखं येतं. मीही तेच डोक्यात घेऊन हे काव्य वाचायला बसलो होतो आणि बराच वेळ गोंधळलो. कारण राजाशी प्रतारणा केल्याचं दुःख, रात्रभराची तळमळ, असं काही इथे सापडतच नाही. ओढाताण आहे, आणि ती फार खोल आहे, पण ती वेगळ्याच जागी आहे. ती कळण्यासाठी त्या दोन पावलांपाशीच थांबावं लागतं.

गाड्यात चढलं तर बिघडलं काय?

आजच्या वाचकाला हा प्रश्न पडतो, आणि गंमत म्हणजे कवीच्या काळातल्या श्रोत्यांनाही पडला असावा. कारण क्रेतिएँ गोष्ट थांबवून समजावून सांगतो. आता कुठल्याही बऱ्या गावात तीन हजारांहून जास्त गाडे असतील, पण त्या जुन्या काळी गावाला एकच गाडा असे, आणि तो गुन्हेगारांसाठी. खुनी, चोर, न्यायासाठी लढलेल्या द्वंद्वात हरलेला माणूस, अशांना त्यात बसवून गल्लोगल्ली फिरवत. एकदा गाड्यात बसला की माणसाची सगळी अब्रू गेली. पुढे कुठल्या दरबारात त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जात नसे, कुणी त्याला मान देत नसे. म्हणून लोकांत म्हण पडली होती की गाडा दिसला तर छातीवर क्रूसाची खूण करावी आणि देवाचं नाव घ्यावं, नाहीतर काहीतरी वाईट घडेल.

आपल्याला हे समजायला एकच शब्द पुरे आहे: धिंड. लान्सलॉटला सांगितलं जातंय की स्वतःच्या पायांनी चालत ये आणि स्वतःची धिंड काढून घे.

सरदाराचं सगळं आयुष्य अब्रूवर उभं असतं. जमीन, मान, दरबारातली जागा, लढाईतलं नाव, सगळं त्यावरच. म्हणून तो अडखळतो. त्या अडखळण्याचं क्रेतिएँ जे करतो ते मला फार मोठं वाटतं. दोन पावलांच्या त्या वेळात तो सरदाराच्या आत एक वाद घडवतो. बुद्धी आणि प्रेम ही जणू दोन माणसं आहेत. बुद्धी म्हणते, चढू नकोस, ज्याने लाज येईल असं काही करू नकोस. पण बुद्धी फक्त तोंडात आहे, हृदयात नाही, असं कवी म्हणतो. प्रेम हृदयात कोंडलेलं आहे आणि ते हुकूम सोडतं: लगेच चढ. प्रेमाची आज्ञा झाली म्हटल्यावर तो लाजेची पर्वा करत नाही.

मागून राजाचा भाचा गवेन घोड्यावरून येतो. तोही राणीच्याच शोधात आहे. बुटका त्यालाही म्हणतो, चढ. गवेनला तो शुद्ध वेडेपणा वाटतो. घोडा सोडून गाडा घ्यायचा हा कसला सौदा, म्हणतो, आणि गाड्याच्या मागून घोड्यावरून चालू लागतो. गवेन काही भेकड नाही. दरबारातला सर्वांत सुसंस्कृत, तोलून-मापून वागणारा माणूस आहे तो. शहाण्या माणसाने जे करावं तेच तो करतो. म्हणूनच दोघे शेजारी उभे राहिले की फरक दिसतो.

आठ अक्षरांची चाल

ही कादंबरी पद्यात का, हे जरा सांगायला हवं. आपण ‘कादंबरी’ म्हणतो ते बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेच्या नावावरून. फ्रेंचांचा ‘रोमाँ’ हा शब्द मात्र भाषेच्या नावावरून आला. विद्वानांची लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत जे लिहिलं ते ‘रोमान्झ’. क्रेतिएँच्या वेळी या बोलीत गोष्ट सांगायची तर ती पद्यातच सांगत. ती एकट्याने मनात वाचण्यापेक्षा दरबारात, दिवाणखान्यात कोणीतरी मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, हीच रीत जास्त होती.

तिचा छंद आपल्या कानाला परका नाही. ओळीत आठ अक्षरं आणि दोन-दोन ओळींचं यमक. आपल्या लहान अभंगाचं माप हेच: ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’. बोटांवर मोजून पाहा, आठ आणि आठ. गाड्याचा प्रसंग या मापात कसा वाजेल हे कळावं म्हणून मी चार ओळी जुळवल्या. हा अनुवाद नाही, नुसता ठेका दाखवायला:

बुद्धी सांगे, नको चढू.
प्रेम म्हणे, नको अडू.
दोन पावले थांबला.
मग गाड्यात चढला.

असल्या सात हजार ओळी सलग ऐकल्या तर जात्याच्या घरघरीसारखा एकसुरीपणा येईल. क्रेतिएँची कारागिरी इथे दिसते. तो वाक्य आणि यमकाची जोडी एकाच ठिकाणी संपवत नाही. वाक्य जोडीच्या पहिल्या ओळीवर तोडतो, आणि दुसऱ्या ओळीपासून नवं वाक्य सुरू करतो. कान यमकाची वाट पाहत राहतो आणि यमक येईपर्यंत गोष्ट पुढे गेलेली असते. माझ्या चार ओळींत हे साधलेलं नाही, प्रत्येक ओळ आपल्या जागी संपते. त्याच्याकडे मात्र ऐकणाऱ्याला थांबायला जागाच सापडत नाही.

कुणासाठी लिहिलं

पहिल्याच ओळींत कवी सांगतो की शाँपान्यच्या बाईसाहेबांची इच्छा आहे म्हणून मी ही कथा हाती घेतोय. ही बाई म्हणजे मारी (११४५-११९८). फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि अक्विटेनची एलिनॉर यांची मुलगी, शाँपान्यच्या काउंटची बायको. त्यांचा दरबार त्र्वा गावात. विषय आणि त्यातला अर्थ बाईसाहेबांनी दिला, माझे फक्त कष्ट आणि लक्ष, असंही क्रेतिएँ म्हणतो. हे वाक्य अभ्यासक शतकभर उलटंपालटं करून बघतायत. त्याला विषय पटला नव्हता म्हणून तो हात झटकतोय, की आश्रयदातीला मान देतोय? ज्या कवीने इतरत्र नवरा-बायकोच्या प्रेमावर मन लावून लिहिलं त्याला दुसऱ्याच्या बायकोवरचं प्रेम लिहायला सांगितलं होतं, एवढं मात्र खरं.

मारीच्या घराण्याबद्दल एक गोष्ट इथे कामाची आहे. एलिनॉरचे आजोबा, अक्विटेनचे नववे विल्यम, हे दक्षिण फ्रान्सच्या त्रुबादूर कवींपैकी आपल्याला ठाऊक असलेले सर्वांत जुने. हे कवी प्रेयसीला ‘मिदाँस’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ ‘माझा धनी’. सरदाराने धन्याची करायची ती चाकरी, ती निष्ठा, ते गुडघे टेकणं, सगळं त्यांनी प्रेमात आणलं. म्हणजे प्रेमाने आपली भाषाच कर्तव्याकडून उसनी घेतली होती. पुढे १८८३ मध्ये गास्ताँ पारी या फ्रेंच अभ्यासकाने याच काव्यावर लिहिताना ‘दरबारी प्रेम’ ही संज्ञा वापरली आणि ती रूढ झाली. ‘प्रेम विरुद्ध कर्तव्य’ अशी सरळ रेघ या काव्यात ओढता येत नाही, त्याचं कारण हे आहे. लान्सलॉटसाठी प्रेम हीच एक चाकरी आहे, आणि तिचे नियम राजाच्या चाकरीहून कडक आहेत.

क्रेतिएँने आर्थर शोधून काढलेला नाही. मॉनमाउथच्या जेफ्रीने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांची बखर लिहिली, तिच्यात आर्थर जगज्जेता म्हणून येतो. ११५५ मध्ये वास नावाच्या कवीने ती फ्रेंच पद्यात आणली आणि आर्थरचे सरदार ज्याभोवती बसतात त्या गोलमेजाची भर घातली. या दोघांकडेही लान्सलॉट नाही. राणीला कोणीतरी पळवून नेतो ही गोष्ट मात्र जुनी. वेल्समध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या एका संतचरित्रात ती आहे, आणि इटलीत मोदेना शहराच्या कॅथेड्रलच्या दारावर ती दगडात कोरलेली दिसते. तिला सोडवून आणणारा प्रियकर आणि त्याच्या मनातला झगडा, ही क्रेतिएँची भर.

राजा चुकतो, तिथून सुरुवात

गोष्ट सुरू होते येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. दरबार भरलाय. मेलेआगाँ नावाचा उर्मट राजपुत्र येतो आणि म्हणतो, तुझी कितीतरी माणसं माझ्या गॉर देशात कैद आहेत. राणीला एका सरदाराबरोबर रानात पाठव. त्याने मला हरवलं तर कैदी सोडतो, मी जिंकलो तर राणी माझी. राजाचा कारभारी केय रुसून दरबार सोडायला निघतो. त्याला थांबवायला राजा राणीला पाठवतो, राणी केयच्या पाया पडते. केय म्हणतो, मी मागेन ते द्याल तर राहतो. काय मागणार हे न विचारता राजा शब्द देऊन बसतो. केय मागतो, राणीला रानात न्यायचा मान. आणि दिल्या शब्दाखातर राजा राणीला जाऊ देतो.

दशरथाच्या वरांची आठवण न येणारा मराठी वाचक विरळाच. दिलेला शब्द पाळणं हे राजाचं कर्तव्य आणि बायकोचं रक्षण हेही त्याचंच कर्तव्य. एकाने दुसऱ्याचा बळी घेतला. घोड्यावर चढताना राणी अगदी हळू पुटपुटते, ‘तुला कळलं असतं तर मला एक पाऊलही असं नेऊ दिलं नसतंस.’ हे ती कुणाला उद्देशून म्हणते यावर वाद आहे, कारण हस्तलिखितांत तिथले शब्द वेगवेगळे पडतात. पण पाऊल हा शब्द तिथे आहे.

केय अर्थातच हरतो. मग गवेन निघतो आणि तो बिननावाचा सरदारही. तो कोण हे कवी सांगत नाही. अर्ध्या काव्यापर्यंत तो ‘गाड्यातला सरदार’ म्हणूनच चालतो. ज्या गावात जाईल तिथे पोरंटोरं, म्हातारे-कोतारे त्याला हिणवतात, याचा गुन्हा काय म्हणून ओरडतात. त्याचं नाव गेलंय आणि बदनामी उरलीय.

इथे नीट पाहिलं तर कळतं की या टप्प्यावर राजाची चाकरी आणि राणीवरचं प्रेम एकाच दिशेला ओढतायत. राणीला सोडवणं हे आर्थरच्या कुठल्याही सरदाराचं काम आहे. प्रेमही तेच सांगतंय. मग अडतं कुठे? अडतं लौकिकापाशी. कर्तव्य करायचं तर करा, पण लोकांत मान राहील अशा रीतीने करा, ही गवेनची वाट. कर्तव्य पूर्ण होणार असेल तर मानही गेला तरी चालेल, ही गाड्यात चढणाऱ्याची. माझ्या मते या काव्यातली खरी फट इथे आहे.

प्रेमात पडलेल्या माणसाचं ध्यान जाणं म्हणजे काय, हे क्रेतिएँने जसं दाखवलंय तसं मी फार कमी ठिकाणी वाचलंय. नदीच्या एका उताराशी पहारेकरी तीनदा ओरडतो, पाण्यात पाऊल टाकू नकोस. याला ऐकूच जात नाही. पहारेकऱ्याने भाल्याने पाण्यात पाडल्यावर तो शुद्धीवर येतो. पुढे एका झऱ्याकाठी, दगडावर सोन्याचा मुलामा दिलेला हस्तिदंती कंगवा पडलेला असतो, दातांत अर्धी मूठ केस अडकलेले. ते राणीचे आहेत असं कळताच तो घोड्यावरून पडायच्या बेतात येतो. बरोबरच्या मुलीला कंगवा देऊन टाकतो, केस स्वतःकडे ठेवतो. एकेक केस तुटू नये अशा बेताने सोडवतो, डोळ्यांना, कपाळाला लावतो आणि सदरा आणि छाती यांच्या मध्ये ठेवतो.

गॉर देशात शिरायला दोन वाटा: पाण्याखालचा पूल आणि तलवारीचा पूल. गवेन पहिली घेतो आणि शेवटी लोक त्याला पाण्यातून काठ्यांनी ओढून काढतात. लान्सलॉट दुसरी घेतो. दोन भाल्यांएवढी लांब, धार वर केलेली पांढरीशुभ्र तलवार, खाली काळं फेसाळणारं पाणी. निसटू नये म्हणून तो हातापायांवरचं चिलखत काढून टाकतो आणि उघड्या हातांनी, पायांनी, गुडघ्यांनी ती ओलांडतो. पलीकडे दिसत असलेले दोन सिंह तिथे पोचल्यावर नसतातच.

त्याचं नाव आपल्याला पहिल्यांदा कळतं ते राणीच्या तोंडून. मेलेआगाँशी द्वंद्व चाललंय, जखमी हातांमुळे तो मागे रेटला जातोय. खिडकीतली एक मुलगी राणीला विचारते, याचं नाव काय? राणी सांगते: लान्सलॉट. मुलगी मोठ्याने हाक मारते. तो वळून पाहतो, राणी दिसते, आणि मग तो तिच्यावरून नजरच काढत नाही. पाठ शत्रूकडे, तोंड खिडकीकडे, तलवार मागच्या मागे चालवतोय. मुलगीच पुन्हा ओरडते तेव्हा त्याला सुचतं की मेलेआगाँला आपल्या आणि खिडकीच्या मधे आणावं, म्हणजे लढताही येईल आणि पाहताही येईल. मग तो जिंकत जातो. मेलेआगाँचा बाप, राजा बादमागू, हा भला माणूस. तो राणीला विनवतो, माझ्या मुलाला मारू नको म्हणून सांग. राणी हो म्हणते, ते लान्सलॉटच्या कानावर पडतं आणि त्याचा हात तिथल्या तिथे थांबतो. मेलेआगाँ मारतच राहतो, हा उभाच.

राणी का बोलत नाही

आता भेट होणार. गाडा, पूल, रक्त, सगळं ज्या भेटीसाठी केलं ती. आणि राणी तोंड फिरवते. त्याच्याशी एक शब्द न बोलता आतल्या खोलीत निघून जाते. लान्सलॉटला कारण कळत नाही. वाचकालाही कळत नाही. त्याला वाटतं, आपण गाड्यात बसलो त्याचीच लाज तिला वाटत असणार.

पुढे तो मेल्याची खोटी बातमी तिच्यापर्यंत येते आणि ती अन्न सोडते. तीही गेल्याची बातमी त्याच्यापर्यंत जाते आणि तो पट्ट्याचा फास खोगिराला बांधून जीव द्यायला निघतो. दोन्ही बातम्या खोट्या ठरतात, भेट होते आणि तो धीर करून विचारतो, माझं काय चुकलं? ती म्हणते, तुला गाड्याची लाज वाटलीच ना? दोन पावलं थांबलास, म्हणजे मनातून चढायचं नव्हतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राणीचा राग आला होता. जो माणूस तलवारीच्या धारेवरून रांगत आला त्याचा हिशेब दोन पावलांवर? मग हळूहळू ध्यानात आलं की ती प्रियकराला बोलत नाहीये, ती चाकराला बोलतेय. धन्याची आज्ञा झाल्यावर ‘लोक काय म्हणतील’ असा विचार करणारा सेवक अजून पुरता सेवक झालेला नाही. आणि लान्सलॉट वाद घालत नाही. चूक कबूल करतो, माफी मागतो. त्याला तो हिशेब बरोबरच वाटतो. पण हे प्रेम सुंदर आहे की माणसाला गिळून टाकणारं, यावर कवी काही बोलत नाही. तो दोन्ही दाखवतो आणि बाजूला होतो.

त्या रात्री तो खिडकीचे गज हातांनी वाकवून राणीच्या खोलीत शिरतो. गज वाकवताना बोट कापलं जातं ते त्याला कळतही नाही. तिच्यापुढे तो एखाद्या पवित्र अवशेषापुढे वाकावं तसा वाकतो, आणि पहाटे निघताना वेदीपुढे नमस्कार करावा तसा नमस्कार करतो. चादरीवर रक्ताचे डाग राहतात. सकाळी मेलेआगाँ ते पाहतो आणि त्याच खोलीत जखमी होऊन पडलेल्या केयवर आळ घेतो. राणीची अब्रू राखायला लान्सलॉट पुढे येतो आणि संतांच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घेतो: केय काल रात्री राणीच्या शय्येवर नव्हता. शपथ अक्षरशः खरी आहे. आणि ती घेणारा माणूस कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

राजाशी असलेलं कर्तव्य या काव्यात कुठे दुखतं, असं कुणी विचारलं तर मी या शपथेकडे बोट दाखवीन. इथे पहिल्यांदा प्रेम आणि राजनिष्ठा यांच्या वाटा खरोखर फुटतात, आणि लान्सलॉट एक अक्षरही खोटं न बोलता दोन्हीकडे पाय ठेवून उभा राहतो. पश्चात्तापाची एक ओळ नाही. ती ओळ नसणं हेच मला अस्वस्थ करतं.

राणी त्याची आणखी एक परीक्षा घेते. नोआझच्या स्पर्धेत तो ओळख लपवून लढतोय आणि सगळ्यांना लोळवतोय. हा तोच आहे का हे पाहायला राणी निरोप धाडते: वाईटात वाईट लढ. तो लगेच भेकडासारखा पळू लागतो, लोक हसतात, तो दिवसभर हसू देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच निरोप, पुन्हा तेच. मग निरोप येतो: उत्तमात उत्तम लढ. गाड्यापाशी जो दोन पावलं अडखळला होता तो आता अर्धं पाऊलही अडखळत नाही. कवीने हा हिशेब किती लक्षात ठेवलाय बघा.

पुढची लान्सलॉटं

हे काव्य क्रेतिएँने पूर्ण केलं नाही. मेलेआगाँ लान्सलॉटला मनोऱ्यात चिणून ठेवतो, तिथून पुढचा सुमारे हजार ओळींचा भाग गॉदफ्र्वा द लान्यी नावाच्या लेखकाने, क्रेतिएँच्या संमतीने, लिहिला. तसं तो स्वतः शेवटी सांगतो. क्रेतिएँने का सोडलं ते कुठे लिहिलेलं नाही. त्याच सुमारास तो ‘इव्हेन’ नावाची दुसरी पद्यकादंबरी लिहीत होता असं मानतात, आणि ती जणू याच नाण्याची दुसरी बाजू आहे. तिथला सरदार बायकोला एक वर्षात परत येतो म्हणून शब्द देतो, गवेनबरोबर स्पर्धा गाजवण्यात मुदत विसरतो, बायको अंगठी परत मागवते आणि तो वेडा होऊन रानात भटकतो. तिथे लौकिकाने प्रेम गिळलं, इथे प्रेमाने लौकिक.

आपल्या मनातला पश्चात्तापाने पोळलेला लान्सलॉट नंतरचा आहे. तेराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत फ्रेंच गद्यात लान्सलॉटच्या कथांची प्रचंड माळ रचली गेली. तिच्यात या प्रेमामुळे गोलमेज दुभंगतं आणि राज्य बुडतं. थॉमस मॅलरीने ती इंग्रजीत आणली, ती १४८५ मध्ये छापली गेली. एकोणिसाव्या शतकात टेनिसन या इंग्रज कवीने पुन्हा पद्यात घेऊन तिला व्हिक्टोरियन काळाची नीती चढवली. प्रत्येकाने प्रेम आणि कर्तव्य यांच्यातली भिंत थोडी आणखी उंच केली. क्रेतिएँपाशी ती भिंत अजून कमरेएवढीही नाही.

मूळ काव्याच्या शेवटी लान्सलॉट सुटून दरबारात येतो. राजा त्याला मिठी मारतो, सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. राणी तिथेच आहे. तिचं मन केव्हाच त्याच्याकडे धावलंय, असं गॉदफ्र्वा सांगतो. मग शरीर का जात नाही? कारण राजा पाहतोय, बाकीचेही पाहतायत. आणि इथे, हजारो ओळींनंतर, बुद्धी पुन्हा येते. गाड्यापाशी लान्सलॉटच्या तोंडात होती तीच. ती राणीच्या वेड्या मनाला बांधून ठेवते, आणि राणी योग्य जागेची, योग्य वेळेची वाट पाहत जागच्या जागी उभी राहते.